गच्चीवरची राखण

माझ्या लेकीनं आयुष्यात बोललेलं पहिलं अख्खं वाक्य 'उशील झाला' असं होतं. बायको ही गोष्ट येईल त्याला सांगते. लोकांची पोरं आई म्हणतात, बाबा म्हणतात, चिऊ-काऊ म्हणतात. आमची एक दिवस स्वतःची चप्पल दोन्ही हातांत धरून दाराकडे निघाली आणि म्हणाली, उशील झाला. यात टोमणा मला आहे हे मला समजतं. पण माणसानं वेळेवर निघावं यात थट्टा करण्यासारखं काय आहे, हे मात्र मला कधी समजलं नाही. मुलुंड पूर्वेहून अंधेरीच्या एमआयडीसीत मी नोकरीला जायचो, घाटकोपरला मेट्रो नव्हती तेव्हापासून, आणि लेटमार्क कसा असतो ते मी फक्त इतरांच्या तोंडून ऐकलं. लग्नाला आम्ही मांडववाल्याच्या आधी हजर. एकदा एका बारशाला इतक्या लवकर पोचलो की पाळणा सजवायचं काम मलाच लावलं.

मग मार्चअखेर मी निवृत्त झालो आणि माझी पंचाईत झाली. सकाळी पावणेआठला बूट घालून सोफ्यावर बसायचो. बायको विचारायची, कुठे निघालात? मी म्हणायचो, बघू. मग दूध आणायला उतरायचो, तर दूध घरात आलेलं असायचं. बँकेचं शटर उघडायच्या आधी जाऊन उभा राहायचो, तेही काही काम नसताना. पूर्वी माझी घाई घरातल्या लोकांना सकाळ-संध्याकाळ सोसावी लागायची, आता दिवसभर. बायको शाळेत शिकवते. तिला मेची सुट्टी लागत आली होती, आणि या वर्षी ती सुट्टीची वाट बघतेय की सुट्टीला घाबरतेय हे तिनं मला स्पष्ट सांगितलं नाही.

लेक तेव्हा आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती चित्रं काढत नाही, मूर्तीही करत नाही. ती करते त्याला मांडणशिल्प म्हणतात. म्हणजे एखाद्या जागेत वस्तू अशा मांडायच्या, की माणूस त्या जागेत शिरला की त्याला काहीतरी होतं. काय होतं ते आधी सांगायचं नाही. मी म्हणालो, आपल्या स्वयंपाकघरात भांड्यांच्या मांडणीसमोर उभं राहिलं की मलाही काहीतरी होतं, हवी ती वाटी कधी सापडत नाही. यावर ती हसली नाही. दुसऱ्या वर्षाला तिनं कॉलेजच्या जिन्याखाली बर्फाची लादी ठेवली होती, लादीच्या आत झेंडूची फुलं गोठवलेली. बघायला येणाऱ्यानं एक तरी फूल मोकळं होईपर्यंत थांबायचं, एवढंच. मी पाच मिनिटं थांबलो आणि हातोडी आहे का म्हणून विचारलं. त्यानंतर दोन वर्षं तिनं मला काही बघायला बोलावलं नाही.

त्यामुळे एप्रिलमध्ये जेवताना ती शेवटच्या वर्षाच्या कामाबद्दल आपण होऊन बोलायला लागली तेव्हा मी घास चावायचा थांबलो. तिला आमच्या बिल्डिंगची गच्ची हवी होती, तीन दिवस. गच्चीवर वाळवण घालायचं, साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया, बटाट्याचा कीस. टाकीच्या सावलीत एक बुटकं स्टूल, मोठी काळी छत्री आणि कावळे हाकलायची काठी. येणाऱ्यानं आपला मोबाइल आणि घड्याळ एका पिठाच्या डब्यात ठेवायचं, काठी घ्यायची आणि राखण करत बसायचं. एक तास झाला असं वाटलं की उठायचं. मग ती डबा उघडून सांगणार की खरा वेळ किती झाला.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काही नाही," ती म्हणाली. "बसायचं."

मग ताटात बोट फिरवत तिनं खरी अडचण सांगितली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन परीक्षक येणार होते, एक कॉलेजातल्या बाई आणि एक बाहेरगावचे सर. या एका कामावर तिच्या वर्षाचं सगळं अवलंबून होतं. परीक्षक घाईत असतात. उभ्या उभ्या बघतात, दोन फोटो काढतात, निघतात. ते बसले नाहीत तर त्यांना फक्त पापड्या दिसतील, आणि पापड्यांना मार्क कोण देणार, असं ती म्हणाली. मला आत कुठेतरी बोचलं. हातोडी मागणाऱ्या माणसाचंच हे वर्णन होतं.

गच्ची मिळवायचं काम मी अंगावर घेतलं. वॉटरप्रूफिंग झाल्यापासून गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरींच्या देवघरात. आधी ते नाही म्हणाले, मग उंबरठ्यावरून नाही म्हणाले, मग चहा पिताना हो म्हणाले. खिळा ठोकायचा नाही, पाणी सांडायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ली परत. वेळेवर परत मिळेल का, असं त्यांनी विचारलं आणि समोर कोण बसलंय हे लक्षात येऊन स्वतःच ओशाळले.

वाळवण घालायचं कसं हे लेकीला माहीत नव्हतं आणि बायकोला अर्धंच माहीत होतं. आम्ही सगळेच पाकिटातल्या पापडांवर जगणारी माणसं. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकूंना विचारावं असं ठरलं. काकू मालवणकडच्या. बिल्डिंग नवीन होती तेव्हापासून राहतात, मुलगा दहिसरला असतो, त्या इथे एकट्याच. कुलूप लागायच्या आधी दर उन्हाळ्यात गच्ची त्यांचीच असायची, आमसुलं, सांडगी मिरच्या, काय काय वाळत पडलेलं असायचं. गच्ची उघडणार एवढं ऐकल्यावर त्यांनी पुढचं काही ऐकलं नाही. मांडणशिल्प, परीक्षा, राखण असं सगळं लेक समजावून सांगत होती आणि काकू साबुदाणा किती भिजवला असं विचारत होत्या.

पहिल्या दिवशी ऊन वर यायच्या आत आम्ही चौथ्या मजल्याच्या वर सामान चढवत होतो. लिफ्ट नाही. पातेली, सोऱ्या, बायकोच्या धुतलेल्या जुन्या सुती साड्या, प्लॅस्टिकचे कागद. लेकीला सगळं पांढऱ्या साड्यांवर हवं होतं. साबुदाणा कापडाला चिकटून बसतो, तेवढ्याला प्लॅस्टिक घे, असा काकूंचा निकाल. लेकीनं कागदावर आखून आणलं होतं की मधे मोकळी जागा ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याची नजर तिथे विसावेल. ती खाली छत्री आणायला गेली आणि परत येईपर्यंत काकूंनी नजर विसावायच्या जागेवर कुरडया घातल्या होत्या. एवढी जागा वाया घालवायची म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. लेकीनं डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

पण दिसत छान होतं, हे कबूल करायला हवं. पूर्वेला मिठागरं, त्यांच्या पलीकडे खाडी, आणि अलीकडे आमची गच्ची पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. मिठागरं म्हणजे तरी काय, वाळवणच. इतकी वर्षं मी या बिल्डिंगीत राहतो आणि गच्चीवरून मीठ दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी गच्चीवर जायला वेळ कोणाला होता?

पहिला मान मला मिळाला. मी घड्याळ काढून डब्यात ठेवताना म्हणालो की मला याची गरजच नाही, माझ्या पोटात घड्याळ आहे, बरोबर एक तासानं उठतो. छत्री होती, सावली होती, वारा होता. मी बसलो. पापड्या बघितल्या. कुरडया बघितल्या. एक कावळा आला, त्याला हाकललं. परत पापड्या बघितल्या. मग सेक्रेटरींना किल्ली द्यायची आठवण झाली, मग गॅसचं बुकिंग, मग डाव्या गुडघ्याची. बघून झालेल्या गोष्टीकडे अजून काय बघायचं? मी सभ्यपणे अजून थोडा वेळ काढला, चांगला सव्वा तास झाला असेल असं धरून उठलो आणि लेकीला म्हणालो, घे, तुझ्यासाठी जास्तच बसलो.

तिनं डबा उघडला. "बावीस मिनिटं, बाबा."

मी घड्याळ कानाला लावून बघितलं. चालू होतं. बायको इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. दिवसभरात बिल्डिंगीतली आणि कॉलेजातली बरीच जणं येऊन बसली, आणि बहुतेकांचं माझ्यासारखंच झालं, एवढं एक समाधान. सेक्रेटरी तर माझ्याही आधी उठले. काकू बसल्या तेव्हा मात्र उठेचनात. ऊन कलायला लागलं तेव्हा लेकीनं जाऊन विचारलं, आजी, तास झाला का? काकू म्हणाल्या, होत आला असेल. दुपारचं जेवण त्यांनी तिथेच मागवून घेतलं होतं.

या दिवसभरात कामाचं एक निराळंच नुकसान चालू होतं. अर्धवट वाळलेली साबुदाण्याची पापडी ज्यानं खाल्ली आहे त्याला मी काय सांगतोय ते कळेल. वरून सुकलेली, आत मऊ, जिभेला चिकटणारी. जो बसायचा तो उठताना एक उचलायचा. लेकीनं विनवण्या केल्या, ही कलाकृती आहे, खायची नाही. सगळे मान डोलवायचे आणि चघळत चघळतच खाली उतरायचे. संध्याकाळी रांगांमधे भोकं पडली होती. मी खाल्लेल्या दोन त्यात धरलेल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी काकूंचं आणि लेकीचं वाजलं. दिवस मावळला तशा काकू साड्यांची टोकं उचलायला लागल्या. वाळवण रात्री उघड्यावर ठेवतं का कोणी, दमट हवेनं मऊ पडतं. लेक म्हणाली, आजी, हलवायचं नाही, जसं आहे तसंच परीक्षकांना दिसायला हवं. काकूंना हे पटेना. शेवटी सगळ्यावर दुसरी साडी पांघरायची अशी तोड बायकोनं काढली. काकू जिना उतरताना पुटपुटत होत्या ते मला पूर्ण कळलं नाही, पण कौतुक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी परत बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. बावीस मिनिटं माझ्या डोक्यात घुसली होती. मला हिशेब चुकता करायचा होता. घड्याळ डब्यात टाकलं आणि ठरवलं की काही झालं तरी उठायचं नाही.

सुरुवातीला कालच्यासारखंच. गुडघा, गॅस, किल्ली. मग कधीतरी माझं लक्ष एकाच पापडीवर टिकलं, कडेच्या रांगेतल्या, जरा वेड्यावाकड्या. बहुधा माझ्याच हातची. मधे ती अजून दुधाळ होती, पण कडेला काचेसारखी झाली होती, आणि काच हळूहळू आत सरकत होती. सरकताना दिसत नव्हती, पण मी कावळ्याकडे बघून परत तिच्याकडे बघितलं की ती सरकलेली असायची. टाकीची सावली कुरडयांवरून निघून किसावर आली. मग एक बारीकसा 'टक्' आवाज झाला. मी इकडेतिकडे बघितलं. परत टक्. वाळलेल्या पापडीची कड प्लॅस्टिकपासून आपोआप सुटत होती, तिचा तो आवाज. एकदा कान लागल्यावर तो सगळीकडून यायला लागला, इथे एक, तिथे एक, कुठल्याच क्रमानं नाही. पुढचा कुठून येईल याची मी वाट बघायला लागलो. लहान पोरासारखा. वाट बघण्यात मजा असते हे मी पार विसरून गेलो होतो, कारण माझ्या आयुष्यात वाट बघणं म्हणजे कोणीतरी उशीर केलेला असणं.

कावळेही कळायला लागले. त्यातला एक वस्ताद होता. तो सरळ यायचाच नाही. दुसऱ्याला पुढे पाठवायचा, मी काठी घेऊन तिकडे धावलो की हा मागून कीस पळवायचा. आमची चांगली जुंपली. एकदा मी त्याला मोठ्यानं बोललोही.

तास होत आला असं वाटलं तेव्हा मी उठलो. उठताना वाईट वाटलं. लेकीनं डबा उघडला, घड्याळ बघितलं आणि माझ्यासमोर धरलं. दोन तास होऊन गेले होते. जेवायची वेळ टळली होती आणि मला कोणी हाक मारली नव्हती. बायको खाली जेवून मोकळीसुद्धा झाली होती. मी गच्चीच्या दारात उभा राहून हसायला लागलो, आणि लेक माझ्याकडे बघून हसायला लागली. या मुलीला नक्की काय करायचंय ते मला पहिल्यांदा समजलं होतं. समजलं म्हणजे सांगता आलं नसतं, पण माझ्या अंगावर ते घडलं होतं.

आणि त्याच क्षणापासून मला तिच्या परीक्षेची खरी धास्ती वाटायला लागली. मी दोनदा बसलो तेव्हा कुठे मला ऐकू आलं. परीक्षकांना एकदाच बसायचं होतं, तेही बसले तर.

तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकांचा फोन आला की आम्ही पोचलोय पण पत्ता सापडत नाही. अर्थातच ते मुलुंड पश्चिमेला पोचले होते. लेक आणि मी रिक्षा करून त्यांना आणायला गेलो, कारण पूर्व-पश्चिमचा घोळ फोनवर सोडवण्यापेक्षा माणूस हाताला धरून आणणं लवकर होतं. बायको पोरांच्या शिकवण्या घेत खाली घरात होती. येताना परीक्षकांच्या गाडीत आम्हीही बसलो. बाईंनी गाडीतच सांगितलं की आजची ही शेवटचीच भेट, पण बारा वाजता कॉलेजात मीटिंग आहे, तेव्हा दहा मिनिटांत आटपू. बाहेरगावचे सर काही बोलत नव्हते, रुमालानं मान पुसत होते. लेक खिडकीबाहेर बघत बसली. चार मजले चढताना बाई प्रत्येक मजल्यावर थांबून मोबाइल बघत होत्या.

गच्चीचं दार उघडलं आणि समोर काही नव्हतं.

साड्या घडी करून कठड्यावर ठेवलेल्या. प्लॅस्टिकचे कागद पुसून लख्ख. भिंतीला ओळीनं स्टीलचे डबे, झाकणं घट्ट लावलेले, आणि त्यांच्या बाजूला स्टुलावर काकू, पदरानं वारा घेत, एवढं काम एकटीनं उरकल्यावर माणूस जसा प्रसन्न दिसतो तशा. आमच्याकडे बघून त्या तोंडभर हसल्या.

लेक उंबऱ्यातच थांबली. मी विचारलं, काकू, हे काय केलंत?

"सुकलां तां," काकू म्हणाल्या. "मगे उचलूक नको?"

त्यांच्या दृष्टीनं यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. वाळलेलं वाळवण उन्हात ठेवलं की तडकतं, म्हणून आम्ही रिक्षानं गेल्यावर त्यांनी वर येऊन सगळं डब्यांत भरलं होतं. शिवाय आज ऊन कडक होतं आणि गच्ची संध्याकाळी परत कुलपात जाणार होती. तेवढं ऊन फुकट कशाला घालवायचं, म्हणून रात्री त्यांनी आणखी साबुदाणा भिजत घातला होता आणि सकाळी तो शिजवूनही आणला होता. मोकळे केलेले कागद त्यासाठीच होते. कोपऱ्यात भलंमोठं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. परीक्षेचं त्यांना आठवत होतं, पण परीक्षेला आलेली माणसं वाळलेल्या पापड्या बघून काय करणार, त्यांना तळून द्याव्यात, असा त्यांचा बेत होता.

बाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी घड्याळाकडे बघितलं. तिच्या लहानपणी पेन्सिल हरवल्यावर मी बघितला होता, तसा लेकीचा चेहरा झाला होता. ती पातेल्याजवळ गेली, झाकण उचललं, वाफ अंगावर घेतली. मग तिनं चार चमचे उचलले.

"सर, मॅडम," ती म्हणाली, "गार झालं तर घालता येणार नाही. जरा हात लावाल का?"

तिनं विनंती अशा सुरात केली होती, की एखाद्या घरी गेल्यावर यजमानीण पातेलं उतरवताना जरा फडकं देता का म्हणाली तर कोण नाही म्हणेल? सरांनी हातात चमचा घेतलासुद्धा. बाईंनी मोबाइल कुठे ठेवू असं विचारलं आणि लेकीनं पिठाचा डबा पुढे केला. सरांनी घड्याळही काढून टाकलं, कारण मनगटापर्यंत चिकट होणार हे काकूंनी बजावलं होतं. मी झाकण लावलं. माझं घड्याळ माझ्या हातावर राहिलं, परीक्षकांना आणायला जायचं म्हणून मी ते घातलेलं होतं.

मग आम्ही सगळे चटईवर बसून पापड्या घालायला लागलो. काकू मधे बसून नजर ठेवत होत्या. सरांच्या पापड्या फार जाड पडत होत्या. काकूंनी त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला, एक करून दाखवली आणि चमचा परत दिला. बाईंच्या एकदम गोल येत होत्या आणि त्याचा त्यांना उघड उघड अभिमान वाटत होता. सर एकदम बोलायला लागले. त्यांच्या आईच्या वाळवणाची राखण लहानपणी त्यांच्याकडे असायची आणि त्या बदल्यात कुरडईचा गरम चीक मिळायचा. बायको आवाज ऐकून वर आली ती बघतच राहिली. पातेलं संपलं. हात धुवायला पाणी सांडायची बंदी होती, म्हणून ओल्या फडक्यानं पुसले. तोवर माझा तो वस्ताद कावळा कठड्यावर हजर झालाच होता. लेकीनं काठी सरांच्या हातात दिली आणि छत्री उघडली.

ते बसले. दोघंही बसले. डब्यात मोबाइल दोनतीनदा घरघरला, पिठाच्या डब्यातून तो आवाज कोणाच्या तरी पोटातल्या गुरगुरीसारखा आला, आणि कोणी उठलं नाही. बाई टाकीला टेकून मिठागरांकडे बघत होत्या. बोलणं आपोआप कमी झालं. सावली पहिल्या रांगेवर आली. ताज्या पापड्यांच्या कडांना जेमतेम चकाकी यायला लागली होती. ती सरांच्या लक्षात आली, आणि त्यांनी कोपरानं बाईंना दाखवली. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला छत्री उगाच सारखी केली.

बऱ्याच वेळानं सरांनी लेकीला विचारलं की ही कल्पना तुला सुचली कुठून.

"बाबांवरून," ती म्हणाली. "आमच्या घरात लहानपणापासून फक्त उशीरच होत आलाय. वेळ असला की कसं वाटतं, ते मला एकदा बघायचं होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायकोनं तेवढ्यात पदर तोंडाला लावला. माझे कान तापले, पण राग आला नाही. खरं होतं ते. हे सगळं, गच्ची, काठी, छत्री, तिनं कोणासाठी मांडलं होतं ते मला आत्ता कळत होतं, आणि मी चार माणसांत मान खाली घालून कागदावरची पापडी नीट करत बसलो.

तेवढ्यात बाईंना मीटिंग आठवली. त्या दचकून म्हणाल्या, "अगंबाई, किती वाजले हो?"

डब्याबाहेर घड्याळ एकच होतं. मी मनगट वळवलं. बारा वाजून वर बरीच मिनिटं झाली होती. माझे ते दोन शब्द जिभेवर येऊन तयार उभे होते, तीस वर्षं रोज सकाळी दारात उभं राहून म्हटलेले. लेकीलाही ते ठाऊक होते. ती उठून डब्याचं झाकण काढायला वाकलीसुद्धा होती.

मी घड्याळावर हात ठेवला.

"वेळ आहे अजून," मी म्हणालो. "बसा निवांत."

बाई परत टाकीला टेकल्या. लेक तशीच वाकलेली राहिली, डब्याच्या झाकणावर हात, आणि तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, घड्याळ काढलं आणि तिच्यासमोर धरलं. काटे कुठे आहेत ते तिनं पाहिलं. मग झाकण थोडंसं उघडून तिनं ते आत टाकलं, झाकण परत घट्ट लावलं आणि सरांकडून काठी घेऊन माझ्या हातात दिली, कारण वस्ताद कठड्यावरून खाली उतरला होता.